काळीचा पुरावा : जुन्या हैदराबाद राज्यातील शेते, बांध आणि तळी

मराठी मुलखातील जुन्या कागदपत्रांत गावाची दोन अंगे सांगितलेली असतात : पांढरी आणि काळी. घरे, वाडे, देवळे आणि चावडी जेथे वसलेली असतात ती पांढरी. शिवारातील कसण्याची जमीन ती काळी. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि गुराढोरांचे शेण पिढ्यान्‌पिढ्या एका जागी साचत गेले म्हणजे त्या जागेची माती पांढरट होते; त्यावरून हे नाव पडले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ही पांढरीची खूण फार पूर्वीच उपयोगी पडली. नदीकाठी पांढऱ्या मातीचे उंच टेकाड दिसले की तेथे जुनी वस्ती असावी, असा अंदाज बांधता येतो आणि तो बहुधा खरा ठरतो.

निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक. त्या काळापासून हैदराबाद राज्याच्या मुलखात जी उत्खनने झाली, त्यांतील बहुतेक सर्व अशा टेकाडांवर झाली. हैदराबादच्या पश्चिमेस असलेले सातवाहनकालीन कोंडापूर, रायचूर जिल्ह्यातील मस्की, गोदावरीकाठचे पैठण, धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही त्यांतील ठळक नावे. नाणी, मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, विटांच्या भिंती असे विपुल साहित्य तेथे मिळाले व ते वस्तुसंग्रहालयांत जाऊन पोहोचले. या सर्वांमुळे पांढरीवर राहणाऱ्या माणसाचा बराच परिचय झाला. तथापि तो ज्या काळीवर जगला, तिचा शोध घेण्याचे काम मागे राहिले. त्याची शेते केवढी होती, त्यांच्या कडा कोठे होत्या, पाणी कोणत्या वाटेने येत होते, हे प्रश्न आजही मोठ्या प्रमाणावर अनुत्तरित आहेत. त्यांची उत्तरे संग्रहालयात ठेवता येण्यासारखी नाहीत. ती शिवारातच, बांधांच्या, ताली-पौळींच्या, पाटांच्या व तळ्यांच्या रूपाने पडून आहेत आणि अलीकडे ती फार वेगाने पुसली जात आहेत.

शेताचा अवशेष म्हणजे काय ?

घर पडले तरी त्याचा पाया राहतो. शेताचे तसे नसते. दरवर्षी नांगरले जाणारे रान आपल्या जुन्या खुणा आपणच मोडीत असते. म्हणून प्राचीन शेत सापडणे ही फार दुर्मिळ गोष्ट समजली जाते. भारतातील तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजस्थानातील कालीबंगा येथे मिळाले. १९६० नंतरच्या दशकात ब्रजवासी लाल आणि बाळकृष्ण थापर यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. त्यात हडप्पापूर्व काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २८०० वर्षांचे, नांगरलेले शेत उघडे झाले. त्याच्या पूर्व-पश्चिम तासांत सुमारे ३० सेंटिमीटरचे अंतर होते, तर उत्तर-दक्षिण तासांत सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटरचे. उभ्या-आडव्या तासांत दोन निरनिराळी पिके घेण्याची ही रीत त्या परिसरातील शेतकरी विसाव्या शतकातही पाळत होते. तेथे आडव्या तासांत कुळीथ व उभ्या तासांत मोहरी पेरली जात असे. हेच थापर त्यापूर्वी, १९५४ मध्ये, तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील मस्की येथे उत्खनन करीत होते, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात पांढरीकडून काळीकडे वळण्याचा एक मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे झाला. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीच्या काठी हे उत्खनन चालले. ताम्रपाषाण युगातील घरे तेथे मिळालीच; परंतु संशोधकांनी वस्तीच्या कडेलाही लक्ष दिले. तेथे दगड आणि माती यांनी बांधलेला सुमारे २४० मीटर लांबीचा व २ मीटर २० सेंटिमीटर रुंदीचा बंधारा आणि त्याला लागून सुमारे ४ मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा पाट असल्याचे दिसून आले. पुराचे पाणी वळवून ते रानाला देण्याची ही योजना सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. जव, गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ यांचे जळालेले दाणे तेथे मिळाले. एका गावाने एकत्र येऊन केलेले पाटबंधाऱ्याचे एवढे जुने काम महाराष्ट्रात दुसरे क्वचितच दाखविता येईल.

दूरदेशीचे एक उदाहरण शिक्षकांना विशेष वाटावे असे आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो परगण्यात जमिनीवर कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर असतो आणि लोक तो कापून जळणासाठी वापरतात. १९३० नंतरच्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या गावच्या शाळामास्तरांच्या असे ध्यानात आले की, हा थर कापताना खाली ठिकठिकाणी दगड लागतात आणि ते दगड ओळीने रचलेले असतात. ज्या अर्थी थर दगडांच्या वर आहे, त्या अर्थी दगड थराहून जुने, एवढे साधे अनुमान त्यांनी केले. पुढे त्यांचे चिरंजीव सीमस कॉलफील्ड पुरातत्त्वज्ञ झाले व त्यांनी लोखंडी सळया खुपसून त्या ओळींचा माग काढला. तेव्हा पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतांच्या दगडी पौळींचे विस्तीर्ण जाळे नकाशावर उतरले. हेच ते सीड येथील शेतांचे अवशेष. एका जागरूक शिक्षकाच्या निरीक्षणातून ते जगापुढे आले.

आपल्याकडे तसा रक्षण करणारा थर नाही. उलट मराठवाड्याची खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली जाते आणि पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगून मिटते. शेतकरी म्हणतात की ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. अशा जमिनीत तासाची खूण टिकणे अशक्यच. मात्र दुसरी एक खूण टिकते. उकिरड्यातील खत शेतात टाकले जाते, तेव्हा त्याबरोबर घरातील फुटक्या मडक्यांची खापरेही जातात. खत मातीत मिसळून जाते, खापर तसेच राहते. म्हणून एखाद्या रानात दाट खापरे आढळली तर तेथे वस्ती असावी. आणि विरळ, झिजलेली, दूरवर पसरलेली खापरे आढळली तर ते रान त्या काळी खत घालून कसले जात असावे, असे अनुमान करता येते. खापर कोणत्या काळचे हे जाणकार सांगू शकतो. त्यावरून त्या रानाच्या कसवणुकीचा काळ ठरविण्यास आधार मिळतो.

शहराखालचे शिवार

हैदराबाद शहर १५९१ साली वसले. आज त्याचा विस्तार पाहणाऱ्यास तेथे एके काळी शेते होती असे सांगूनही पटणार नाही. परंतु शहराच्या वस्त्यांची नावेच त्याची साक्ष देतात. तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळे व चेरूवू म्हणजे मोठे तळे. पल्ली आणि गुडा म्हणजे खेडी-वाड्या. नल्लाकुंटा, कवाडीगुडा, दोमलगुडा, बाग लिंगमपल्ली ही नावे त्या दृष्टीने वाचावीत. मासाब टँक म्हणून जो भाग ओळखला जातो तो ‘माँसाहेबा का तालाब’. तळे गेले, नाव राहिले. हैदराबादेत मराठी शिक्षणाची ज्योत लावणारी विवेक वर्धिनी ही १९०७ साली स्थापन झालेली संस्था ज्या पेठेत आहे, तिचे नाव जामबाग. दक्खनी बोलीत जाम म्हणजे पेरू.

हैदराबादच्या भोवतालची भूमी ग्रॅनाइटची आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाहून तिचा स्वभाव वेगळा. लहानमोठे उंचवटे आणि त्यांमधील उथळ सखल जागा अशी तिची ठेवण असल्याने, दोन उंचवट्यांमध्ये मातीचा बांध घातला की तळे तयार होते. वरच्या तळ्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात, तेथून त्याखालच्या तळ्यात, अशी साखळी तयार होते. काकतीय राजांच्या काळात ही पद्धत फार विकसित झाली व कुतुबशाही काळात ती पुढे चालू राहिली. मुसी नदीला १९०८ च्या सप्टेंबरात आलेल्या महापुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाहणी केली, तेव्हा शहराच्या वरच्या बाजूस ८६२ चौरस मैलांच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तळी असल्याची नोंद झाली. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक तळे. त्यांपैकी २२१ तळी त्या पुरात फुटली आणि एकीचे पाणी दुसरीत कोसळत शहरावर आले. साखळीचा गुण व धोका दोन्ही या आकड्यांत दिसतात.

या तळ्यांचा शेताच्या कडांशी फार जवळचा संबंध आहे. तळ्याच्या बांधातील मोरीतून सुटलेले पाणी खालच्या भातखाचरांना मिळे. भाताला पाणी साचवून ठेवावे लागते, म्हणून प्रत्येक खाचर सपाट हवे आणि त्याला कड हवी. परिणामी तळ्याखालच्या शेतांच्या कडा उताराशी जुळवून घेत, लहान लहान तुकड्यांनी, कमानीसारख्या वळत जातात. कोरडवाहू रानाच्या कडा त्या मानाने लांब व सरळ असतात. निजामी महसुली दप्तरात या दोन प्रकारच्या जमिनींना अनुक्रमे ‘तरी’ आणि ‘खुश्की’ म्हणत. जुन्या नकाशावर नुसत्या रेषांची ठेवण पाहून तरी कोठे संपली व खुश्की कोठे सुरू झाली, हे पुष्कळदा ओळखता येते. १५६२ च्या सुमारास, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, बांधलेल्या हुसेन सागराचा बांध आज टँक बंड म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यावर रस्ता आहे, पुतळे आहेत, संध्याकाळी फिरावयास येणाऱ्यांची गर्दी असते. हे तळे शेतीच्या व पिण्याच्या पाण्यासाठी बांधले गेले, आणि ज्या जमिनीसाठी बांध घातला ती जमीन बांधाच्या खालच्या अंगाला घरांखाली झाकली गेली आहे, याची आठवण थोड्यांनाच असेल.

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात मात्र झाकलेली भूमी थोडी उघडी झाली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे उत्खनन केले. कुतुबशाही बागेतील पाण्याचे पाट, भाजलेल्या मातीचे नळ, हौद आणि चालण्याचे मार्ग त्यात मिळाले. राजघराण्याची बाग आणि रयतेचे शेत यांत अंतर असतेच. तरीही दक्षिणेत लागवडीखालील भूमीचा आराखडा उत्खननाने असा हाती येण्याची उदाहरणे कमी असल्यामुळे या कामाचे महत्त्व मानले पाहिजे.

तळ्याच्या पोटातील जमिनीला निजामी दप्तरात ‘शिकम’ म्हणतात. फारसीत शिकम म्हणजे पोटच. (मराठी दप्तरातील ‘पोटखराबा’ हा शब्द याच जातीचा वाटतो.) पाणी ओसरले की शिकम जमिनीत एखादे पीक काढण्याची मुभा असे, पाणी आले की ती जमीन तळ्याची. पुढे तळे वर्षानुवर्षे भरेनासे झाले, शिकम जमिनीचे भूखंड पडले आणि त्यांवर घरे उठली. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली, तेव्हा पाण्याने आपली जुनी हद्द बरोबर ओळखली. त्याच आठवड्यात बालापूरकडील गुर्रम चेरूवूचा बांध फुटून खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. जुलै २०२४ मध्ये तेलंगण शासनाने तळी व सार्वजनिक जमिनी यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी ‘हायड्रा’ नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. तिच्या कामाविषयी वाद झाले व होतही राहतील. परंतु त्या प्रत्येक वादात प्रश्न एकच असतो : तळ्याची कड कोठे होती ? त्याचे उत्तर जुने नकाशे, मोजणीची टिपणे व जमिनीवर उरलेली बांधाची खूण यांतूनच द्यावे लागते. ज्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून भूखंड घेतला, त्याला ते उत्तर उशिरा मिळते. ते आधी मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे कोणासही वाटेल.

सर्वे नंबराची रेघ

हैदराबादचे शिवार शहराखाली गेले. मराठवाड्यातील शिवार बहुतांशी अजून उघडे आहे. ही दोन्ही एकाच राज्याच्या मोजणीत आली होती, म्हणून मराठवाड्यातील गावकऱ्यांना व शिक्षकांना हा विषय परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. तोपर्यंत गावोगावच्या जमिनीचे दप्तर हैदराबादच्या पद्धतीने लिहिले जात होते.

मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणी व आकारणीची नवी पद्धत सुरू केली. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या काळात, १८७० नंतरच्या दशकात, तिच्याच धर्तीवर निजामी मुलखात मोजणीचे काम हाती घेण्यात आले. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. सर्वे नंबर पडले, कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, गावाचे नकाशे तयार झाले. मोजणीदाराने शेत निर्माण केले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जे बांध त्याला दिसले, त्यांतील बहुतेक त्याने कागदावर उतरवून घेतले. सोयीसाठी काही लहान शेते एका नंबरात घातली, काही मोठी शेते तोडली. त्यामुळे जुन्या गावनकाशावर दोन काळांच्या रेघा एकत्र असतात. वाकडी, नाल्याच्या काठाने अथवा उताराच्या कडेने जाणारी रेघ बहुधा मोजणीपूर्वीची; ओळंब्यात धरल्यासारखी सरळ रेघ बहुधा मोजणीची किंवा नंतरच्या वाटणीची.

रेघांचे वय ठरविण्याचे आणखी एक साधन आहे. एक बांध दुसऱ्या बांधाला येऊन थांबत असेल, तर थांबणारा बांध नंतरचा. पुष्कळ बांध ज्या एका लांब बांधाला येऊन मिळतात, तो त्या रानातील सर्वांत जुना असण्याचा संभव असतो. मनमाडहून जालना, परभणी व नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. त्याच्या दोन्ही अंगांना एकाच शेताचे तुकडे समोरासमोर पडलेले दिसतील, तर ते शेत लोहमार्गाहून जुने हे सांगावयास विद्वानाची गरज नाही. याच न्यायाने एखादी जुनी गाडीवाट बांधाला वळसा घालून जात असेल, तर वाट पडण्याच्या आधी बांध होता. बांधच वाटेशी तुटत असेल, तर वाट आधीची.

मोजणीच्या मागे गेले तर लेखांचा आधार घ्यावा लागतो. जमीन देताना तिच्या चारही दिशांच्या सीमा, म्हणजे आघाट, लिहून ठेवण्याची चाल ताम्रपटांत सर्वत्र दिसते : पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस अमुक गावची शीव, पश्चिमेस वडाचे झाड. निवर्तन, मत्तर ही जमिनीची मापेही कोरीव लेखांत येतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख आहेत. पहिल्यात भिक्षूंना एका गावातील २०० निवर्तनांचे शेत दिल्याचे नमूद आहे. सहा वर्षांनी कोरलेल्या दुसऱ्या लेखात ते शेत कसले जात नाही व गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन देण्यात येत आहे, असा आशय आहे. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा हा पडीक जमिनीचा दाखला. दान केलेले शेत ओस पडले आहे, अशी कबुली राजाने दगडावर कोरून ठेवावी, यात त्या काळच्या दप्तराचा प्रामाणिकपणा दिसतो.

जे पुसले जात आहे

शेताच्या खुणा पूर्वीही बदलत आल्या. सावकारी, वाटण्या, दुष्काळ यांनी बांध हलविले. १९७२ च्या दुष्काळात हजारो मजुरांनी समपातळीतील बांध घातले. त्यांनी मृद्‌संधारणाचे फार मोठे काम केले, आणि शिवारावर स्वतःचा एक नवा थर चढविला. त्यांची रेघ मालकीच्या हद्दी ओलांडून उताराला आडवी जाते, त्यामुळे ती ओळखणे सोपे असते. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले व गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली. अनेक गावांत एकत्रीकरणानंतर सर्वे नंबराच्या जागी गट नंबर आले. हे सर्व बदल कागदावर नोंदले गेले. आज जे घडते त्याची नोंद होत नाही. माती उपसणारे यंत्र भाड्याने मिळते व एका दिवसात चार पिढ्यांचा बांध सपाट होतो. बांध कोरून दोन तास वाढविण्याची हाव जुनीच आहे, पण कुदळीने कोरलेला बांध हळूहळू सरकतो; यंत्राने काढलेला बांध मुळासकट जातो. त्यावरील बाभूळ, बोर, लिंब जातात, पौळीचा दगड खडीच्या यंत्रात जातो, मोटेचे थारोळे विहिरीत लोटले जाते.

याची किंमत इतिहासापुरती मर्यादित नाही. बांधाच्या वादाने किती कुटुंबे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितात, हे महसूल खात्यातील कर्मचाऱ्यांना सांगावयास नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. खूण नाहीशी झाली की मोजणीला आधार शोधावा लागतो, आणि आधार जितका दूरचा, तितका वाद लांबतो. दुसरे असे की, उताराला आडवी घातलेली जुनी ताल ही माती व पाणी कोठे धरावे याचा अनेक पिढ्यांचा अनुभव असते. ती मोडल्यावर पहिल्या मोठ्या पावसात ओघळ कोठे पडतो, ते पाहिले की ती तेथेच का घातली होती, हे कळते.

शासनाच्या २०२० मधील स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार करण्याचे काम सुरू झाले. लोकांना घरांच्या मिळकतीचा कागद मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. येथेही पहिला मान पांढरीला मिळाला, हे सहज जाता जाता नोंदवावेसे वाटते.

शाळेला करता येण्याजोगे काम

काळीची नोंद घेण्यासाठी उत्खननाची आवश्यकता नाही. किंबहुना कोणीही स्वतः खणू नये. खणल्याने पुरावा हलतो व मग तो जाणकाराच्याही उपयोगाचा राहत नाही. गावातील माध्यमिक शाळेने भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावनकाशाची नक्कल घ्यावी आणि आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एका वर्षात शिवाराचा एखादा कोपरा पाहावा. सगळे गाव एकदम घेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक बांधाची रुंदी व उंची, तो मातीचा की दगडी, दगड रचलेले की नुसते टाकलेले, त्यावर कोणती झाडे, तो कोठे थांबतो व कोणाला मिळतो, एवढ्या गोष्टी लिहून घ्याव्यात. बांधांना व रानांना लोक काय नावे देतात ती अवश्य टिपावीत. मळई, खारी, बारवेचे रान, इनामाची पट्टी अशी नावे सातबाऱ्यावर सापडत नाहीत आणि ती जाणणारी पिढी आता थकली आहे. कोरडी विहीर, थारोळे, दगडी पाट, शिवेवरील शेंदूर लावलेला धोंडा, विरळ खापरे यांच्या जागा नकाशावर दाखवाव्यात. कोरीव अक्षरे असलेला दगड, शिल्प किंवा नाणी आढळल्यास वस्तू जागची न हलविता तहसील कार्यालयास व राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. शेतात जाण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि हे काम हद्द ठरविण्याचे नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. नाहीतर मुलांच्या हातातील टेप पाहून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत नवीच कुरबूर सुरू व्हावयाची.

मराठवाड्यातील जुनी कागदपत्रे पाहताना दोन अडचणी येतात. एक लिपीची : मोजणीपूर्वीची कागदपत्रे बरीचशी मोडीत व नंतरची उर्दूत आहेत. गावात मोडी किंवा उर्दू वाचणारी जुनी माणसे असल्यास त्यांना या कामात सन्मानाने बोलवावे. दुसरी अडचण सनाची : निजामी दप्तर फसली सनात लिहिलेले असते. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन स्थूलमानाने येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. सेतवार आणि १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक ही दोन कागदपत्रे मिळाली, तर नकाशावरील रेघा आणि कसणाऱ्यांची नावे यांचा मेळ पुष्कळसा बसतो.

पाहणीसाठी सुगीनंतरचे दिवस चांगले. सकाळी अथवा सायंकाळी ऊन तिरपे असताना मोडलेल्या बांधाचा उंचवटा, दुपारी मुळीच न दिसणारा, सावलीमुळे उठून दिसतो. रब्बीची ज्वारी उभी असतानाही एकदा शिवारात जावे. मातीखाली दगडी पौळ गाडली गेली असेल, तर तिच्यावरचे पीक ओल कमी पडल्याने लवकर पिवळे पडते. जुना पाट किंवा चर बुजला असेल, तर त्याच्यावरचे पीक जास्त दिवस हिरवे राहते. रानातून सरळ गेलेली अशी पिवळी किंवा हिरवी पट्टी दिसली, तर तिची दोन्ही टोके पावलांनी मोजून नकाशावर पेन्सिलीने दाखवावीत. त्या वेळचे पीक, महिना आणि वर्ष शेजारी लिहावे व पुढील दोन-तीन हंगामांत ती पट्टी पुन्हा दिसली, तरच तिच्यावर शाई फिरवावी.